घरातलं बारावं मत

आमचा जुना मतदारसंघ पुनर्रचनेत गेला. अर्धा जुन्नरच्या पदरात पडला, अर्धा आंबेगावच्या. त्याच्या शेवटच्या निवडणुकीत येडगावचे भगवंत अपक्ष उभे होते. चिन्ह शिट्टी. मतं पडली अकरा, आणि घरातच मतदार होते बारा!

तेव्हापासून वीस वर्षं त्यांचा संशय बायकोवर. साळुबाईंनी चहात दूध कमी घातलं की हे म्हणायचे, "मत न्हाई दिलंस, दूध तरी दे!" मतदारसंघच उरला नाही, त्यामुळे पुन्हा उभं राहून खात्री करायचीही सोय नव्हती.

परवा नात स्नेहल कॉलेजसाठी त्या मतदारसंघाचा इतिहास लिहायला बसली. तिने एकेकाला विचारलं, सासरी गेलेल्या आत्यांना फोनवर. साळुबाई देवावर हात ठेवून म्हणाल्या, "शिट्टीच!" बाकी दहाही जण शिट्टीच म्हणाले.

"आजोबा, तुम्ही?"

"मी दिलं समोरच्या पार्टीला. तो माणूस आपल्या ओट्यावर चहा पिऊन गेला, म्हणला, 'भाऊ, लक्ष असू द्या.' दारात आलेल्याला नाय कसं म्हणायचं? शब्द दिला व्हता राव!"

भगवंतांनी बोटांवर पुन्हा मोजलं, मग हळूच बायकोकडं पाहिलं.

त्या दिवशी चहा त्यांनीच केला. सगळं दूध साळुबाईंच्या कपात ओतलं आणि स्वतः कोरा प्यायले.

साळुबाई घोट घेऊन म्हणाल्या, "बरा झालाय. आजून वीस वर्सं असाच करा."