अर्जुनाच्या अंगावरच्या गाठी

कुपवाडच्या फाउंड्रीत अर्जुना साचे भरायचा. फुल बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला टॉवेल गुंडाळलेला. भट्टीच्या धगीमुळं असेल, असं नव्या माणसाला वाटायचं. पण अर्जुनाच्या अंगभर मऊ गाठी होत्या, कुठं वाटाण्याएवढ्या, कुठं बोराएवढ्या. कपाळावरच्या एका गाठीनं डावा डोळा अर्धा झाकलेला. जतकडं मेंढरं राखणारा त्याचा बाप बिराप्पा असाच होता. अर्जुनाचं अंग लग्नापर्यंत जवळजवळ नितळ होतं. मग एकेक गाठ वर आली. बायको, अंजना, कधी काही बोलली नाही.

शूटिंगला माणसं पुरवणारा नानासो एक दिवस फाउंड्रीत आला. "पाटणला भुताचा पिक्चर चाललाय, दुसरा भाग. नुस्तं गर्दीत उभं ऱ्हायाचं. येतूस का?"

अर्जुना गेला. तिथं डायरेक्टरनं त्याला गर्दीतून बाजूला काढलं, शर्ट उतरवायला लावला आणि एका पडक्या घरात पाठमोरं बसवलं. हाक मारली की सावकाश वळायचं, एवढंच काम. शॉट झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बसायला खुर्ची दिली, चहा दिला. त्याच्या तोंडाकडं बघून परकी माणसं खूश झाली, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. अर्जुना हरखून गेला. फाउंड्रीत त्यानं ज्याला त्याला सांगितलं.

म्हणून पिक्चर सांगलीत लागला तेव्हा दुपारच्या खेळाला अख्खी शिफ्ट आली. अर्जुनाच्या एका बाजूला त्याच्या गाठी रोज बघणारा, साच्यावरचा जोडीदार धनाजी, दुसऱ्या बाजूला कॉलेजात जाणारी मुलगी प्रांजल, पलीकडं अंजना.

पहिल्या भागात बापाचा राक्षस झाला होता. आता पोराची पाळी. देखणा हिरो स्वतःला कोंडून घेतो, हाडं कडकडतात, कातडीखाली काहीतरी वळवळतं. "रक्तातच आहे ते!" म्हातारी ओरडते. पडक्या घरातली पाठमोरी आकृती सावकाश वळते.

तो अर्जुना होता.

थेटरात किंकाळी उठली. पुढच्या रांगेतल्या बाईनं लेकराचे डोळे झाकले. मागं कुणीतरी शी शी केलं. अर्जुनाला वाटलं, खुर्चीखाली शिरावं. धनाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "मेकप लय भारी केलाय रं."

"व्हय. लय येळ लागला," अर्जुना म्हणाला.

प्रांजलनं ते ऐकलं. ओढणी ओढून तिनं कोपर झाकलं.

घरी आल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत. "आप्पा, आज्ज्याला बी असंच हुतं न्हवं?"

"व्हय."

"मग ह्ये काय हाय?" तिनं बाही वर केली. कोपराजवळ एक मऊ गाठ आली होती. भोवती तपकिरी डाग. ते जन्मल्यापासूनचे. लास हाय, नुस्ती जन्मखूण, असंच अर्जुना सगळ्यांना सांगत आला होता.

त्याला तिच्याकडं बघवेना. "मिरजेच्या डॉक्टरांनी मला मागंच सांगितलं हुतं, पोरीला घिऊन या, ह्ये पोरांत उतरतं म्हून. मी परत गेलोच न्हाई. वाटलं, न्हाई बी उतरणार."

"आईला ठावं हाय?"

"न्हाई."

अंजना दारातच उभी होती. "तुमच्या गाठी बघून मी कवा तोंड फिरवलं न्हाई," ती म्हणाली, "पर आज तुमच्याकडं बघू वाटंना."

त्या आठवड्यात तिघं मिरजेला गेली. डॉक्टरीणबाईंनी प्रांजलचे डोळे, पाठीचा कणा, सगळं तपासलं. म्हणाल्या, हा शाप नाही, आजार आहे. किती वाढेल ते आज सांगता येत नाही, पण दरवर्षी तपासत राहिलं तर पुढचे धोके वेळेवर कळतात. प्रांजलनं सगळं स्वतःच विचारलं, मुलंबाळं होण्याचंसुद्धा. अर्जुना भिंतीकडं बघत राहिला.

"लहानपणीच का नाही आणलंत हिला?" बाईंनी विचारलं.

"माझ्यामुळं," अर्जुना म्हणाला. "मला लाज वाटत हुती."

परतीच्या बसमध्ये प्रांजल आईजवळ बसली. अर्जुना मागच्या सीटवर. सांगली येईपर्यंत तिनं एकदाही वळून पाहिलं नाही, आणि तिला हाक मारायची त्याची छाती झाली नाही.