घरातल्या ड्यूटीची चार वर्षं

परदेशी जायला निघालेल्या नर्सला एक गोष्ट लवकर कळते. इथं ती बारा वर्षं वॉर्ड सांभाळून आलेली असली तरी तिथं ती कुणीच नसते. इथला परवाना तिथं चालत नाही. तो तिथल्या परवान्यात बदलून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी दहावीच्या दाखल्यापासून शेवटच्या नोकरीपर्यंत सगळं पुन्हा नव्याने सिद्ध करावं लागतं. कुणीतरी अनोळखी माणूस तुमच्या कॉलेजला, कौन्सिलला, जुन्या हॉस्पिटलला विचारतो, ही बाई खरंच होती का तुमच्याकडे? मला त्याची भीती नव्हती. माझं सगळं खरं होतं. फक्त मधली चार वर्षं सोडून, आणि तीही खरी होती, पण ते पुढे येईलच.

माझं माहेर अंबरनाथजवळचं मोरिवली. वडील तिथल्याच एका केमिकल कंपनीत होते. त्यांच्या कपड्यांचा वास आई तीन पाण्यांतून काढायची आणि तरी तो राहायचा. मुलीने स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत काम करावं हे त्यांचं स्वप्न, म्हणून मी नर्सिंगला गेले. कल्याणच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला लागले आणि लग्न होऊन बदलापूरला आले तरी तिथंच राहिले. मी चांगली नर्स होते. हे मी नम्रपणे सांगणार नाही, कारण नम्रपणा करून माझं पुरेसं नुकसान झालेलं आहे.

सासऱ्यांना लकवा मारला तेव्हा उल्हासनगरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये त्यांना ठेवलं होतं. तिथले म्हातारे सिंधी डॉक्टर भले माणूस. त्यांनी स्पष्ट सांगितलं की उजवी बाजू परत येणार नाही, घरी न्या आणि चोवीस तास बाई ठेवा. त्या रात्री घरी सगळे जमले. बाई कुठून आणायची यावर थोडी चर्चा झाली आणि मग नणंद म्हणाली, "बाहेरची बाई कशाला? आपल्या घरातच नर्स आहे की!" सगळ्यांचे चेहरे असे उजळले की जणू लॉटरी लागली. मला विचारलं नाही असं मी म्हणणार नाही. विचारलं, पण आधी ठरवून मग विचारलं. मी राजीनामा दिला.

चार वर्षं. नाकातल्या नळीने भरवणं, लघवीची नळी बदलणं, दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलणं. वॉर्डात तीन पाळ्यांत तीन नर्सेस हे करतात. इथं तिन्ही पाळ्या माझ्याच, वर स्वयंपाक आणि मुलीचा अभ्यास. त्यांना पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी. डॉक्टर रविवारी बदलापूरकडच्या आपल्या फार्महाऊसवर जाताना अधूनमधून डोकावायचे, चादर उचलून त्यांची पाठ बघायचे आणि म्हणायचे, "मेरे यहां की लडकियों को लेके आता हूं, सिखाओ उनको." आमच्या बिल्डिंगलाही मी आयती सापडले. कुणाचं इंजेक्शन, कुणाचं बीपी, कुणाच्या बाळाला ताप. मोबदला म्हणून लोणचं यायचं आणि 'तुझ्या हाताला गुण आहे' हे वाक्य यायचं. लोणचं तरी खाता येतं.

सासरे गेले. तेराव्याला सगळ्यांनी माझं कौतुक केलं, नणंदेने साडी नेसवली. त्यानंतर मी कल्याणच्या हॉस्पिटलात गेले तर माझ्या जागी नव्या मुली होत्या आणि माझी मेट्रन निवृत्त झालेली. त्याच सुमारास नवऱ्याची अंबरनाथची कंपनी बंद पडली आणि तो ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून जाऊ लागला, म्हणजे कधी काम, कधी नाही. आखातातून माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचा फोन आला की इकडे ये, माझ्या हॉस्पिटलात जागा आहेत. मी हो म्हटलं. घरी सांगताना पगाराचं कारण सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण असं की सासूबाईंचे गुडघे बोलू लागले होते, आणि त्या विव्हळल्या की घरातल्या सगळ्यांची नजर आपोआप माझ्याकडे वळायची. मला दिसत होतं पुढे काय आहे ते. मला कुणीतरी पुन्हा सिस्टर म्हणायला हवं होतं, आणि ड्यूटी संपली की घरी जाता यायला हवं होतं. तो परवाना मिळाला नाही तर मी त्याच पलंगाशेजारी म्हातारी होणार होते. इतकं सरळ होतं ते.

एजंटचं ऑफिस उल्हासनगरला, कापडाच्या दुकानावर. खालून ताग्यांचा धपधप आवाज यायचा. त्याने माझे कागद भराभर चाळले आणि थांबला.

"मॅडम, ये चार साल किधर थे?"

"घरी पेशंट होता. मी पूर्ण वेळ नर्सिंगच करत होते."

"घर का पेशंट नहीं चलता. वो लोग के लिए ये गॅप है."

गॅप. दोन वर्षांहून जास्त खंड असला की ते फाइल बाजूला टाकतात. पुन्हा एखाद्या हॉस्पिटलात वर्षभर काम करून ये, मग बघू, असा नियम. मी म्हटलं करते. पण वर्षाने माझं वय त्यांच्या जाहिरातीत बसणार नव्हतं हे एजंटने लगेच दाखवून दिलं. मग त्याने माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघून विचारलं, "कोई डॉक्टर पहचान का है?" मी तिथल्या तिथे सांगितलं की असलं काही चालणार नाही. नवऱ्याने मान हलवली. ही मान कुठल्या दिशेने हलली ते मी नीट बघायला हवं होतं.

तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी सासऱ्यांची आठवण काढली, लेटरहेड काढलं आणि एजंटने लिहून दिलेल्या मजकुराखाली सही केली, की ही आमच्याकडे चार वर्षं स्टाफ नर्स होती. वाचलं की नाही कुणास ठाऊक. मला कळलं तेव्हा एजंटने ते माझ्या ऑनलाइन फाइलवर चढवून टाकलं होतं. मी त्याच्या ऑफिसात आरडाओरडा केला. तो शांतपणे म्हणाला, "एक बार चढ गया तो उतरता नहीं, मॅडम. और सब करते हैं." घरी येऊन नवऱ्याशी भांडले. तो म्हणाला, "अगं, तू काम केलंसच ना? फक्त पत्ता बदललाय." मला फार राग आला, कारण ते मला पटलं. पुढच्या काही दिवसांत तर मला ते पत्र खरंच वाटू लागलं. चार वर्षांच्या रात्रपाळ्या मी केल्याच होत्या. कुणीतरी पहिल्यांदाच त्या नोकरी म्हणून लिहिल्या होत्या.

मग उत्तर आलं. फाइल नामंजूर. खोटं प्रमाणपत्र दिल्यामुळे अर्जदाराला यापुढे त्या देशात परवान्यासाठी अर्ज करता येणार नाही. एजंटने ते दोनदा वाचून दाखवलं आणि दुसऱ्या देशाचं दरपत्रक पुढे सरकवलं. मी उठले आणि तशीच रिक्षाने डॉक्टरांकडे गेले. मला एवढंच कळून घ्यायचं होतं की हे झालं कसं.

डॉक्टर ओपीडी संपवून बसले होते. मला बघून खुलले. "आओ आओ! कब जा रही हो?"

मी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला त्यांचा फोन आला होता का?"

"आया ना! कोई लडकी थी, बहुत अदब से पूछ रही थी. मैंने भी दिल खोलके बात की." ते खुर्चीत पुढे सरकले. "मैंने कहा, ऐसी बहू आजकल मिलती नहीं. ससुर के लिए अच्छीखासी नौकरी छोड दी. चार साल घर से बाहर कदम नहीं रखा. मैं खुद जाके देखता था, मैं गवाह हूं."

 मला सगळं समजलं होतं. आपल्याकडे मुलीची चौकशी करायला लोक येतात तेव्हा शेजारीपाजारी काय सांगतात? मुलगी गुणाची, घर धरून राहणारी, मोठ्यांचं करणारी. डॉक्टरांना चौकशी म्हणजे तीच एक माहीत. त्यांनी माझं स्थळ जमवून दिलं होतं.

"आणखी काय विचारलं?"

"पूछा, तनख्वाह कितनी देते थे. मैंने कहा, बेटी, घर के काम का कोई पैसा लेता है क्या?" आणि ते हसले.

मग मी त्यांना सांगितलं. फाइल बंद झाली, कायमची, आणि का. त्यांचा चेहरा उतरला. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "पर मैंने तो तारीफ की थी," एवढंच म्हणाले. खरंच वाईट वाटलं त्यांना. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी ते टेबल उलटं करावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. मी म्हटलं, "मला तुमच्या वॉर्डात घ्या. खरंखुरं. रीतसर."

"वॉर्ड में तो लडकियां हैं," ते म्हणाले. "वो काम कोई भी सीख लेता है. तुम्हारे जैसी को मैं वॉर्ड में थोडी ना बिठाऊंगा?" मग आवाज खाली करून बोलले. त्यांच्या आईने अंथरूण धरलं होतं. बायका येतात, चार दिवसांत पळतात. "पगार दूंगा, बराबर दूंगा. तुम्हारे जैसा कोई नहीं करेगा." त्यांना वाटत होतं की ते माझं नुकसान भरून देतायत. माझ्या मुलीची क्लासची फी थकलेली आणि नवरा पंधरा दिवसांपासून घरी. मी हो म्हटलं.

सोमवारी गेले. घर मोठं, नर्सिंग होमच्याच रस्त्यावरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. माताजी हलक्या, हाडांची मोळी. पाठीला दोन ठिकाणी जखमा होत्या, त्या मी धुतल्या, नवीन पट्टी केली आणि कूस बदलण्याच्या वेळा डॉक्टरांच्या सुनेला समजावून सांगितल्या. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "अब तो आप हैं ना." दुपारी माताजींना बघायला नातेवाईक आले. पाच-सहा बायका पलंगाभोवती बसल्या. एकीने विचारलं, नई नर्स रखी है?

डॉक्टरांच्या बायकोने कौतुकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "अरे नर्स क्या, अपनी बहू ही समझो."

मी म्हटलं, "नाही भाभी. मी नर्स आहे. रजिस्टर्ड."

"हां हां, वही तो," त्या हसत म्हणाल्या. "अच्छा, सब के लिए जरा चाय रख दोगी?"

मी माताजींच्या पाठीमागे उशी नीट बसवली, हात धुतले आणि स्वयंपाकघर कुठं आहे ते विचारलं.