पाठमोरी सूर्यफुलं

मुलुंडच्या त्या बैठ्या चाळीत चंद्रप्रकाश सोनकांबळे कुठे राहतात म्हणून विचारलंत तर कुणी धड उत्तर देणार नाही. चंदू पेंटर म्हणा, पोरंसोरं हाताला धरून दारात नेऊन उभं करतील. एके काळी आसपासच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. पुढे फ्लेक्स आले आणि ब्रशची वाट लागली. तेव्हा त्याच्या बायकोने, रत्नप्रभाने, लोकांकडे पोळ्या लाटून संसार ओढला. चंदूला काम एकच उरलं, दुसऱ्यांच्या पाट्यांतल्या खोडी काढायच्या. ते मात्र तो मन लावून करायचा.

रत्नप्रभा लातूरकडची. लहानपणापासून दुसऱ्याच्या रानात राबलेली, तरी माहेरचं कौतुक विचारलं तर त्या रानाचंच सांगायची. थंडीत सूर्यफुलाला बहर आला की बांधावरून नजर ठरत नाही म्हणायची. ती सांगायला लागली की चंदू तिचं बोलणं तोडायचा. "बास गं, तेलाच्या डब्यावर आहे ना तुझं सूर्यफूल, बघ की तिथे." ती हसून गप्प बसायची. माणूस हाताशी असतं तोवर त्याचं बोलणं पुरं ऐकायची कुणाला घाई नसते.

मग तिच्या मणक्यात कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि त्याचा अर्थ दोघांनाही कळला. तिला नुसतं कुशीवर वळवलं तरी ती कळवळायची, उचलून बाहेर नेणं तर लांबच राहिलं. चंदूने तिची खाट मागच्या खिडकीला लावली. खिडकी पूर्वेची. बाहेर चाळीतल्यांनी टाकलेल्या डबराचा एक पट्टा आणि त्याच्या पलीकडे बंद पडलेल्या कंपनीची बुटकी भिंत. पाऊस ओसरत आला होता तेव्हा एका संध्याकाळी ती त्या डबराकडे बघत म्हणाली, "एकदा सूर्यफूल बघायला पायजे होतं." संसारात तिने स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी चंदू दारोदार कुदळ मागत हिंडत होता.

ज्याने जन्मात तुळशीला पाणी घातलं नव्हतं त्याने डबर उपसलं, कुठून कुठून पोत्यांनी माती आणली, नर्सरीतून बी आणून टोचलं. कोंब वर आले ते डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं घेऊनच. "रत्ने, आले गं, टोप्या घालून आले!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारची शकू काहीतरी भलतंच झालं म्हणून हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. काही रोपं घुशींनी खाल्ली, त्या दिवशी तो जेवला नाही. उरलेली मात्र हां हां म्हणता कंबरेला लागली, मग खांद्याला. पानं तळहाताएवढी झाली, त्यांवरची खरखरीत लव तो येताजाता उलट्या बोटाने चाचपून बघायचा. रत्नप्रभा आतून हुकूम सोडायची, "लई पाणी नका घालू ओ, मुळं कुजतेली." आणि तो चक्क ऐकायचा.

खरं सांगायचं तर चंदू त्या दिवसांत सुखात होता. बायको मरणाच्या दारात आणि हा माणूस खुरपं घेऊन शीळ घालतोय, हे शकूला बघवेना. "भावोजी, येड लागला काय तुमका?" असं ती तोंडावर म्हणाली. चंदूचा हिशेब साधा होता. सूर्यफूल सूर्याबरोबर फिरतं हे शाळकरी पोराला ठाऊक असतं. सकाळी ती भिंतीकडे बघतील, ऊन कौलांवरून उतरायला लागलं की खिडकीकडे वळतील आणि रत्नेला दिसतील. कळ्या धरल्या तेव्हा तसंच झालंही. संध्याकाळी हिरव्या मुठी हळूच घराकडे कलायच्या. "बघ, बघ, तुझ्याकडे बघायला लागल्या!"

"व्हय, बघालेत खरं," ती म्हणायची, पण तेव्हा तिची नजर त्याच्यावर असायची.

पहिलं फूल उमललं त्या दिवशी चंदू संध्याकाळची वाट बघत खिडकीखाली बसून राहिला. संध्याकाळ झाली, फूल वळलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यात बहुतेक सगळी उमलली आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. खिडकीतून दिसत होते हिरवे देठ, मागची हिरवी पानं आणि कडेला पिवळ्याची एक रेघ. चंदूने एकाचं देठ हाताने फिरवून सुतळीने बांधलं, सकाळी ते पिरगळून लोंबत होतं. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "फसवलं साल्यांनी! बी खोटं दिलं. जातो आणि नर्सरीवाल्याची गचांडीच धरतो."

"बी चांगलं हाय," रत्नप्रभा म्हणाली. "उमललं की ते वळत नसतंय ओ. उगवतीकडं तोंड करून उभं राहतंय."

चंदू चप्पल घालता घालता थांबला. "तुला माहीत होतं?"

"मग? रानात जलम गेला आमचा."

"मग बोलली का नाहीस? मी कुंड्यांत लावली असती, तोंडं तुझ्याकडे फिरवून ठेवली असती, काहीतरी केलं असतं!"

"तुमी हौसेनं खुरपत होता. बोलले असते तर खुरपं टाकून माझ्या उशाशी रडत बसला असता."

ते खरं होतं, चंदूलाही ठाऊक होतं. एका पायात चप्पल तशीच ठेवून तो खाटेच्या काठावर बसला आणि जे टाळायला तिने एवढं सोसलं होतं नेमकं तेच त्याने केलं, पोटभर रडला.

मग एकेक उपाय. फुलं तोडून आणतो म्हणाला, तर ती नको म्हणाली. "तोडलेली लई बघितली. काठीनं बडवलीत पोत्यावर. उभी असू द्या." भिंतीला कपाटाचा आरसा लावला, तर तिला खाटेवरून त्यात चाळीची कौलंच दिसली. शकूने मोबाईलवर फोटो काढून दाखवला. रत्नप्रभाने तो बघितला आणि परत केला. "फोटोत काय, कुणाच्याबी रानातलं असंल." मग दम खाऊन चंदूला म्हणाली, "तुमीच तिकडं उभं राहून सांगा की. पाट्यांच्या एवढ्या खोडी काढता, तेवढं जमंल."

तेव्हापासून रोज सकाळी चंदू भिंतीला पाठ टेकून फुलांसमोर उभा राहायचा आणि रांगेने एकेक सांगायचा. "पहिलं बघ, क्रोम यलो, रंगाचे दोन हात मारल्यासारखं. बुडाशी जरा नारिंगी आहे. मधली चकती कडेने तपकिरी व्हायला लागली."

"दाणं भरालेत मग."

"दुसऱ्याची एक पाकळी वाकडी. माझ्या हातून असं झालं असतं तर गिऱ्हाईकाने पैसे कापले असते."

ती हसायची, हसताना दुखायचं, तरी हसायची. एकदा म्हणाली, "फुलाचं तोंड नाही तर नाही, त्यांच्या मधून तुमचं तर दिसालंय. इतका वेळ कधी माझ्याकडं तोंड करून उभं राहिला होता?" चंदूला फार लागलं ते. तोडलेली सगळी बोलणी त्याला परत जोडून हवी होती, आणि आता तिला दोन वाक्यांपुढे धाप लागत होती.

कोपऱ्यात मोरीच्या पाण्यावर वाढलेलं एक रोप मागे राहिलं होतं. त्याची कळी फुटेना. रत्नप्रभा रोज त्याची चौकशी करायची. एका सकाळी चंदू मागे गेला तर ते पुरतं उमललेलं.

"रत्ने! कोपऱ्यातलं आलं गं!"

ओ आली नाही. दोन देठांमधून तिचा चेहरा दिसत होता, डोळे अर्धे उघडे, ऐकताना असायचे तसेच. पण छातीवरची चादर हलत नव्हती. चंदूला कळलं. इतके दिवस ती चादरच तर तो रात्रंदिवस बघत आला होता. आत जायला चार पावलं लागली असती, आणि ती त्याच्याने टाकवेनात. त्याने रांगेच्या सुरुवातीपासून सांगायला घेतलं. पहिलं, दुसरं, वाकड्या पाकळीचं. आवाज चढत चालला तशी शकू पुढच्या दाराने घरात आली. तिने रत्नप्रभाच्या नाकाशी बोट धरलं, हाताने तिचे डोळे मिटले आणि खिडकीचे गज धरून रडू लागली.

"भावोजी, बस करा. रत्ना गेली हो."

"माहीत आहे मला," चंदू म्हणाला. "कोपऱ्यातलं तेवढं राहिलंय गं शकू. तेवढं सांगू दे."