साहेब नापास!

बी.कॉम. होऊन मी नागपूरभर सायकल हाणत नोकरी शोधत होतो, त्या दिवसांत दर मुलाखतीला तोच एक जण भेटायचा. उंच, सडपातळ, आत जाण्याआधी रुमालाने चपला पुसायचा. आमची रीत अशी, की आतून आलेल्याने बाहेरच्यांना प्रश्न सांगायचे. हा पठ्ठ्या निकाल सांगायचा!

धंतोलीत एका औषध कंपनीने आम्हाला सकाळपासून उन्हात ताटकळत ठेवलं. हा आत गेला तसाच बाहेर आला.

"साहेब नापास!"

"काहून गा?" मी विचारलं.

"बसा नाही म्हटलं. मी बोलून राहिलो, अन् तो नखं कापून राहिला. तो मले तपासते, मंग मी त्याले तपासू नये काय?"

अरे, हे मला सुचलंच नव्हतं!

पुढे एका गिरणीच्या ऑफिसातून तो बाहेर आला तो ओरडतच. "पास! साहेब पास झाला गा!"

मी अक्षरशः उडत आत गेलो. पहिल्यांदाच जीभ अडखळली नाही. नोकरी तिथेच पक्की झाली! बाहेर येऊन मी त्याला मिठीच मारली.

"अन् तुयं काय झालं?"

"मले नाही म्हटलं. पण कसं म्हटलं! उठून दारापर्यंत सोडाले आला गा!"

आता मुलाखती मी घेतो. ज्याला नाही म्हणतो, त्याला दारापर्यंत सोडतो. मग दार लावून कान देऊन ऐकतो, आपला निकाल काय लागला ते.