चाकांना नमस्कार

दादा गेल्यावर पंधराव्या दिवशी त्याचे रविवारचे मित्र घरी आले. पाच-सहा जण होते. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत मावत नव्हते, म्हणून दोघे गॅलरीत उभे राहिले. त्यांच्यातला म्होरक्या, ज्याला बाकीचे सगळे ॲडमिन म्हणत, खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाला, "ताई, गाडीचं टेन्शन घेऊ नका. गाडी आता आमच्यावर सोडा."

गाडीचं टेन्शन मी घेतलेलं नव्हतं. मला दादाच्या शर्टांचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

गाडी म्हणजे दादाची जुनी डिझेल जीप. चारही चाकांना जोर देता येणारी. डिलाईल रोडला आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीला लागून ती वर्षानुवर्षं उभी असे आणि तिच्या बॉनेटवर चाळीतल्या मांजरी झोपत. दादाने लग्न केलं नाही, मीही नाही. दोन खोल्यांत आई, तो आणि मी. तो एका कंपनीत नकाशे काढायचा, मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात. आमच्या घरात बोलणं फारसं नसे. दादा रविवारी या मंडळींबरोबर पनवेलच्या पुढे कुठेतरी चिखलात गाड्या घालायला जायचा आणि संध्याकाळी परत येऊन मोरीत बूट धूत बसायचा. कसं झालं विचारलं तर म्हणायचा, "ठीक."

पण जीप त्याने चिखलासाठी घेतलेली नव्हती. आमचं गाव कोकणात, आणि गावातलं घर वर सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर. डांबरी रस्ता खाली व्हाळापाशी, ओढ्याजवळ संपतो. तिथून पुढे दीड मैल लाल मातीची, सुट्या दगडांची चढण आहे. बाकीचे चालत जातात. आईचे गुडघे गेल्यापासून दादा तिला दर कार्तिकात जीपमधून वर नेत असे. गावातल्या पोरांनी एकदा डोली करू का विचारलं होतं. आई म्हणाली होती, "डोलयेतसून आजाऱ्याक नेतत. माझे पाय दुखतत, मी आजारी नाय."

दादाच्या वर्षश्राद्धाचं पान गावच्या घरातच वाढायचं आणि ते स्वतःच्या हाताने वाढायचं, हे आईने त्याच्या तेराव्याला ठरवून टाकलं. तिला ऐंशी पूर्ण झालेली होती. जीप चढली तर ती पोचणार होती, नाही चढली तर नाही. तेवढ्याचसाठी मी ॲडमिनला किल्ली दिली.

त्यांनी जीप मिस्त्रींकडे नेली नाही. मिस्त्री म्हणजे कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये काम करणारे, गिरणी बंद पडल्यावर गॅरेज टाकलेले गृहस्थ. दादाची गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हाताखालची. ॲडमिनने तिथे एकदा नजर टाकली आणि म्हणाला, "ताई, इथे व्हाइब नाही." जीप गेली परळला, एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या काचेच्या गाळ्यात. तिथे गाडीला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला कॉफी देतात. मला दिली. कडू होती. भिंतीवर नटबोल्ट पिळायचे पाने टांगून ठेवले होते, एकालाही तेलाचा डाग नव्हता.

पुढच्या काही महिन्यांत जीपला काय काय झालं ते मला मोबाइलवर फोटोंतून कळत गेलं. स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून ती सहा इंच उचलली. शॉकअप लाल रंगाचे आले. टायर इतके मोठे आले, की ते आत घासू नयेत म्हणून मडगार्ड कापावे लागले. पुढे लोखंडी कठडा आला, त्यावर ओढायचा दोर गुंडाळलेली मोटर, टपावर दिव्यांची लांब पट्टी. एक काळी नळी बॉनेटमधून निघून काचेच्या कडेने टपापर्यंत गेली. गाडी गळ्याएवढ्या पाण्यात गेली तरी तिला श्वास घेता यावा म्हणून ती असते, असं ॲडमिनने समजावलं. दादा पाणी साचलेलं दिसलं की हिंदमातेच्या अलीकडेच गाडी वळवत असे, हे मी त्याला सांगितलं नाही. शेवटी मागच्या काचेवर दादाचं नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल आणि खाली डोंगराचं चित्र चिकटलं. ते सगळं चमकत होतं. मरणाची अशी सजावट मी फक्त चौकातल्या बॅनरवर पाहिली होती.

जीप चाळीत परत आली तेव्हा आई जिना उतरून खाली आली. तिने गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पाय उचलून पायरी शोधली. पायरी काढून टाकलेली होती.

"चढूचा कसा?" तिने विचारलं.

"आजी, क्लिअरन्स वाढवलाय ना," ॲडमिन म्हणाला. "दगड लागायला नको खालून."

"दगडाक नाय लागाची. माकाय नाय लागाची." आई वळली आणि जिना चढायला लागली.

त्यावर त्यांची बैठक झाली. जिच्यासाठी गाडी वर जाणार होती तिला गाडीत बसता येत नाही, हा मुद्दा त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हता. एकाने पुढच्या मोटरचा दोर सुचवला, तो विनोद असावा. शेवटी मी आमचा स्वयंपाकघरातला लाकडी चौरंग गाडीत ठेवला. सहा महिन्यांच्या कामात उपयोगी पडलेली ती एकमेव भर, आणि ती आमच्या घरातलीच.

या दिवसांत मी दादाचं हस्तपुस्तक वाचत होते. जीपबरोबर आलेलं, त्याने खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. माणसं अशा वेळी पोथी वाचतात. मी गिअर ऑइलची पातळी कशी बघावी ते वाचत होते, रोज दोन-तीन पानं, सावकाश. समासात त्याचं बारीक अक्षर होतं, आणि ते अक्षर जिथे संपे तिथे मी पान मिटत असे. पुढची चाकं असलेल्या भागात त्याने सगळ्यात जास्त लिहिलं होतं. चारही चाकांना जोर द्यायला या जीपमध्ये नुसता आतला लिव्हर ओढून चालत नाही. खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली चकती हाताने फिरवावी लागते. ती फिरवली नाही तर पुढची चाकं नुसती बरोबर गडगडतात, ओढत नाहीत.

काचेच्या गाळ्यातून आल्यापासून गाडीखाली तेलाचं थारोळं साचत होतं, म्हणून मी मिस्त्रींना बोलावलं. ते गाडी शेडमध्ये घेऊन गेले. दोन सील बदलले, ब्रेक बघितले, पुढच्या चकत्या उघडून ग्रीस भरलं.

"ही गच्च बसली होती," ते म्हणाले. "तुमच्या भावानंतर कोणी फिरवलेली दिसत नाही. आता चालवणाऱ्यांना सांगा."

"सांगते," मी म्हणाले.

सांगायची संधी त्याच आठवड्यात आली. ॲडमिन एक टी-शर्ट घेऊन घरी आला. काळ्या कापडावर एक चाक आणि त्यावर टेकलेला पंजा. ग्रुपमधल्या सगळ्यांनी छापून घेतला होता.

"दादांचा नमस्कार," तो म्हणाला. मी न कळल्यासारखं बघितलं, तसा तो सांगायला लागला. "कुठलीही मोठी चढण आली ना ताई, की दादा गाडी थांबवायचे. उतरायचे. एक शब्द नाही. पुढच्या एका चाकापाशी वाकून मधोमध हात ठेवायचे, मग पलीकडे जाऊन दुसऱ्या. मग बसायचे आणि सरळ वर. आम्ही आधी हसायचो. मग दादा असतानाच सगळे करायला लागलो. नवीन मेंबरला तर पहिल्या दिवशी करायलाच लावतो. अंगावर काटा येतो, खरं सांगतो."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याच्या स्वतःच्या गाडीत एक बटण फिरवलं की चारही चाकं लागतात. त्याच्या चाकाच्या मध्यभागी कंपनीच्या शिक्क्याशिवाय काही नाही. आणि हा माणूस, आणि त्याच्यासारखे कितीतरी, दर रविवारी त्या शिक्क्यावर हात ठेवून दादाला आठवत होते.

दादाला हे ठाऊक असणार. तो त्यांचं बघत असणार आणि बूट धुताना स्वतःशीच हसत असणार. मला त्या क्षणी तो इतका जवळ वाटला, की मी तोंड उघडलं नाही. चहा केला. टी-शर्ट घडी घालून कपाटात ठेवला. हे लोक चढणीवर तोंडावर पडतील तेव्हा बघू, असं मी मनाशी म्हणाले. त्या वेळी गाडीत आई असेल, हे मला दिसलं नाही असं म्हणणं खोटं होईल. मला ते दिसत होतं. मी ते बाजूला सारलं.

कार्तिकात आम्ही निघालो. जीप ॲडमिन चालवत होता, पुढे त्याच्याशेजारी आई, मागे मी आणि चौरंग. त्यांची आणखी एक गाडी पाठीमागून येत होती. आई वाटेत झोपली नाही. मांडीवर डबा होता, त्यात दादाला आवडणाऱ्या वड्यांची तयारी होती. व्हाळापाशी डांबर संपलं. आठवडाभर अवेळी पाऊस झालेला, माती साबणासारखी झालेली.

ॲडमिनने गाडी थांबवली. उतरला. टी-शर्टातले बाकीचेही उतरले. एकाने मोबाइल धरला. ॲडमिन वाकला, डाव्या चाकाच्या चकतीवर पंजा ठेवून डोळे मिटले, मग उजव्या. पंजा चकतीवरच होता. अर्धा वळसा दिला असता तर काम झालं असतं.

तो आत बसला, लिव्हर ओढला आणि म्हणाला, "चला आजी."

पहिला टप्पा जीप जोरात गेली. दुसऱ्या वळणावर मागची मोठी टायरं जागच्या जागी फिरायला लागली. त्याने आणखी रेस दिली. टायरांनी लाल मातीत चर पाडले आणि गाडीचा मागचा भाग हळूहळू व्हाळाच्या अंगाला सरकला. खाली माणूसभर खोलीवर दगड होते. आईने एका हाताने डबा आणि दुसऱ्याने समोरची दांडी धरली. ती ओरडली नाही. ॲडमिनने ब्रेक मारला, तरी गाडी हातभर घसरली आणि एका दगडाला अडून थांबली.

"मोटर लावू," मागून कोणीतरी ओरडलं. दोर बांधायला झाड नव्हतं, सड्याची ती बाजू उघडीच आहे. ॲडमिनने दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरून ठेवलं होतं.

मी मागून उतरले. चपला मातीत रुतल्या, त्या तिथेच सोडल्या. डाव्या चाकापाशी बसून चकतीवरचा चिखल पदराने पुसला आणि खूण जुळेपर्यंत फिरवली. मिस्त्रींच्या ग्रीसमुळे ती सहज फिरली. मग उजवी.

"ताई, नमस्कार झालाय आमचा," ॲडमिन आतून म्हणाला.

"तो नमस्कार नव्हता," मी म्हणाले. "आता लहान गिअरमध्ये घ्या. रेस देऊ नका."

जीप वर गेली. आवाजसुद्धा फारसा न करता, पुढच्या चाकांनी माती धरत, दादा न्यायचा तशी. मी मागून अनवाणी चालत गेले. टी-शर्टातली मंडळी आपली गाडी खालीच ठेवून माझ्याबरोबर चालत होती. मोबाइल खिशात गेले होते.

घरी पोचल्यावर मी चौरंग लावून आईला उतरवलं. तिने माझ्या चिखलाच्या पदराकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"तुका ठावक होता मां?"

मी चौरंगाचा चिखल पुसायला लागले.

"मगे आदी कित्याक सांगलंस नाय?"

मला उत्तर होतं. ती माणसं मूर्ख आहेत, हे उत्तर होतं. आई डबा घेऊन माझ्यासमोर उभी होती आणि ते उत्तर तिला देता येईना. दादासुद्धा बोलला नव्हता, असंही म्हणता आलं असतं. पण दादा स्वतः चालवत असे. त्याच्या गप्प राहण्याने कोणी व्हाळाकडे सरकलं नव्हतं.

चुलत भावाने विधी केले. आईने केळीच्या पानावर सगळं स्वतः वाढलं, कुणाला हात लावू दिला नाही. भात, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी. पान बाहेर ठेवून आल्यावर ती पडवीत पाय पसरून बसली. ॲडमिन अंगणाच्या टोकाला जीपकडे पाठ करून उभा होता. ग्रुपला काय सांगायचं याचा विचार करत असेल, असं मला वाटलं, आणि त्यातही मला थोडी मजा वाटली, हेही लिहून ठेवते.

"त्येका जेवूक बोलव," आई म्हणाली. "त्याच्या आदी ता चाक दाखय."

"जेवल्यावर दाखवीन."

"आदी."

मी अंगणात गेले. म्हणाले, "या, दाखवते." तो आला आणि चिखलात गुडघे टेकून बसला. मी त्याला चकतीवरची झिजलेली खूण दाखवली, कुठल्या बाजूला लागते, कुठल्या बाजूला सुटते. उतरताना लागलेलीच राहू द्यायची आणि डांबर लागलं की दोन्ही सोडायच्या, असं सांगितलं.

"दादांनी कधीच..." तो म्हणाला आणि थांबला. मग विचारलं, "दादा आम्हाला हसत असतील ना?"

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं नव्हतं.

त्याने चकती सोडून बघितली, पुन्हा लावायला गेला आणि उलट्या बाजूला जोर लावू लागला. मी एक क्षण नुसती बघत राहिले.

"इकडे नाही," मी म्हणाले. "तिकडे."