गंडा नव्हे, बँड!

गुंतलेला धागा सोडवायला गेलं की एका टोकाबरोबर चार टोकं हाताशी येतात. आमच्या बँडच्या किश्श्यांचं तसंच झालंय. एक सांगायला घेतला की त्याला लटकून दुसरे येतात. मी वर्गात फारशी बोलत नाही, म्हणून लिहूनच सांगते.

तीर्थपुरीत यंदा गावकऱ्यांचा कला महोत्सव करायचं ठरलं, पण मंडपाला पैसे नव्हते. आमचे विज्ञानाचे तौर सर म्हणाले, "क्राउडफंडिंग करू!" मोबाईलवर आवाहन टाकायचं आणि जो पैसे देईल त्याला आम्ही मुलींनी हाताने विणलेला सुती बँड द्यायचा. रंग हळदीचा आणि डाळिंबाच्या सालीचा, प्लॅस्टिक बिलकुल नाही. तोच बँड महोत्सवाचा पास.

माझी आई लग्नात हळदीची गाणी फार छान म्हणते, पण भिंतीकडे तोंड करून. लाजाळूपणा मला तिच्याकडूनच मिळालाय. महोत्सवात गा म्हटलं तर म्हणाली, "मंडप उभा राह्यला तर गाते." धाग्याला कुणी पैसे देणार नाही, अशी तिला खात्री होती. मला मात्र तिला एकदा तरी समोरून गाताना बघायचं होतं.

*

पहिलं गिऱ्हाईक नाझियाचे चाचा. नाझिया माझी मैत्रीण, चाचांचं किराणा दुकान. क्राउडफंडिंग समजावताना तिला घाम फुटला.

चाचा म्हणाले, "म्हंजे वर्गणीच न? मंग सीधं बोला न!"

"चाचा, वर्गणीत पावती असते. यात बँड."

चाचांनी बँड मनगटावर फिरवून पाहिला. "हे बराबर हाय. पुन्हा कोनी मागायला आलं की नुसता हात दाखवायचा!"

*

आवाहनाचा व्हिडिओ मी करायचा, असं सरांनी ठरवलं. का, ते त्यांनाच माहीत! आमच्या अंगणात दोरीवर बँड वाळत होते, त्यांच्यापुढे मी उभी राहिले आणि पर्यावरणाबद्दल पाठ केलेलं सगळं बोलले. नंतर पाहिलं तर माझा आवाजच येत नव्हता. मागे मात्र आमची बकरी एकेक बँड ओढून शांतपणे खात होती.

मी रडायच्या बेतात होते, पण नाझियाने तो व्हिडिओ तसाच मोबाईलवर सगळ्यांना पाठवला. दुसऱ्या दिवशी पुण्यात राहणाऱ्या गावच्याच एका काकांनी खाली लिहिलं, "मुलगी काय म्हणते ते ऐकू आलं नाही, पण बकरीचं पटलं!"

त्यानंतर पैसे यायला लागले.

*

शाळेत मात्र वेगळीच अडचण. मुलगी बँड बांधायला पुढे झाली की मुलं हात मागे घ्यायची. "हातात दे, बांधू नको!" मुलीने मनगटाला धागा बांधला की राखी झाली, असा सगळ्यांचा हिशोब. एका हाताने गाठ बसेना, म्हणून बिचारे दात लावून ओढत होते.

शेवटी नाझिया ओरडली, "अरे, मला बी इतके भाऊ नकोत! ओवाळणीला गोळी सुदिक देनार न्हाईत तुम्ही!"

*

आमच्या शेजारच्या गयाआज्जींनी बँड पाहिला आणि विचारलं, "कोन्या बाबाचा गंडा हाय?"

"आज्जी, गंडा नाही, बँड!"

"तेच की. गुडघ्याला बांध."

दोन बँड जोडून गुडघ्याला बांधले. दुसऱ्या दिवशी आज्जी गल्लीभर सांगत फिरल्या, "ठणका गेला ना बाई!" संध्याकाळी दारात बायकांची रांग. कुणाची मान, कुणाचं कोपर. एकीने तर दूध न देणाऱ्या म्हशीच्या गळ्याचं माप सुतळीने घेऊन आणलं होतं!

तौर सरांना हे कळलं आणि ते तडक गल्लीत आले. ओट्यावर उभं राहून त्यांनी अंधश्रद्धेवर भाषण केलं. "हा साधा सुती धागा आहे. यात कसलीही शक्ती नाही!"

गयाआज्जींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, शक्ती न्हाई, मंग इकून का राह्यले?"

*

मंडप उभा राहिला. आई तो लांबूनच बघून आली. "लई मोठा टाकला गं," एवढंच बोलली आणि रात्री जेवली नाही.

महोत्सवात तिचं नाव पुकारलं. ती स्टेजवर गेली, माईकसमोर उभी राहिली आणि सवयीने मागच्या पडद्याकडे वळली! सगळ्या मंडपाला फक्त तिची पाठ दिसत होती. आवाज काही फुटेना. बाजूला उरलेल्या बँडची टोपली धरून मी उभी होते.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून गयाआज्जी ओरडल्या, "अगं, गंडा बांधलाय न हाताला? मंग भेतीस काऊन? फिर इकडं!"

मंडप हसला. आईलाही हसू फुटलं. हसत हसतच ती वळली, आणि तशीच गायला लागली. समोर बघून! दोन गाणी ठरली होती, तिने चार म्हटली.

टाळ्या चालू असताना कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला. तौर सर होते. त्यांनी एकदा इकडे तिकडे पाहिलं, शर्टाची बाही वर केली आणि हात पुढे केला.

"बांध गं लवकर. आता माझं आभारप्रदर्शन आहे. दोन गाठी मार."