शेप्याचा शेवटचा माच

आमची आई, पंचफुला, ताट घेऊन नीट जेवायला बसलेली मी कधीच पाहिली नाही. चुलीजवळ उकिडवी बसते, अर्धी भाकर हातात आणि जीव सगळा गच्चीवर. गच्चीवर तिचं काहीतरी वाळत असतं. उन्हाळा लागला की केनवडच्या आमच्या घरात ताजं खाणं जवळजवळ बंदच होतं. कोवळी गवार आली, वाळव. वांगी आली, फोडी कर, वाळव. आणि आम्ही काय खायचं? गेल्या उन्हाळ्यात वाळवलेली गवार. बाबा म्हणतात, या घरात आपण कायम एक वर्ष मागं जेवतो.

बहात्तरच्या दुष्काळात ती तीन-चार वर्षांची होती. आजी खडी फोडायला जायची, तिथं खायला सुकडी वाटायचे. त्यातली अर्धी आजी पदराला बांधून ठेवायची, रात्रीसाठी. आईला ती गाठ आठवते. पदराकडे बघत दिवस काढायचा आणि मागायचं नाही, हेही आठवतं. हे सगळं मला माहीत आहे, तरी दर उन्हाळ्यात मी तिच्याशी भांडतेच. माणसानं किती वर्षं रात्रीची सोय करायची?

या वर्षी भांडणाला कारण मोठं होतं. बांधावर आमचा एक गावरान आंबा आहे, शेप्या. रसाला शेपेचा वास येतो म्हणून शेप्या. झाड चंपतकाकांच्या हद्दीत, फळं दोन्ही घरांत निम्मी. काकांनी हिवाळ्यात वावर विकलं, आणि घेणाऱ्यानं सांगून टाकलं की आंबा उतरला की झाड पाडणार, तिथं गोदाम बांधायचं आहे. लग्न होऊन आल्यापासून आई या झाडाचे आंबे उतरवते आहे. लोणचं, आमचूर, गुळांबा, ताटावर रस वाळवून केलेलं साठं, सगळं केलं. वाटीभर ताजा रस घेऊन ती बसली आहे, असं मात्र एकदाही झालं नाही. मला एवढंच हवं होतं, झाड पडायच्या आत तिनं तो खावा. आमच्यासोबत, बसून. त्यासाठी मी अकोल्याहून बुद्ध पौर्णिमेला जोडून पाच दिवसांची सुट्टी काढून आले.

आले तर घरात बरण्याच बरण्या. चार पोत्यांतली तीन पोती कैरी आधीच कापून झाली होती. चौथं पोतं बाबांनी हट्टानं वाचवलं होतं आणि धान्याच्या खोलीत माच लावला होता. माच म्हणजे आंब्यांची अढी, खाली गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, वर गव्हांडा, मधे आंबे. ऊब धरली की आठ-दहा दिवसांत पिकतात. आठ दिवस झाले होते. मी हात घातला तर आंबे दगडासारखे आणि गव्हांडा गार.

"आई, याले ऊब काहून नाही धरली?"

"मले काय मालूम!" ती म्हणाली आणि नजर चुकवून मिरच्या खुडायला लागली.

बाबा बाजेवरून ओरडले, "तिले इचार ना, दिवसातून किती डाव उघडते! सकाळी एक डाव, दुपारी एक डाव. अन् हाती आला तो कापून वाळवते."

"डागी होते ते! सडले असते!"

"एकही डागी नोता, पंचफुले."

मला हसू आलं आणि लगेच रागही आला. ही बाई स्वतःच्या हातानं माच थंड पाडत होती. माचातले आंबे रोज कमी होत होते आणि गच्चीवरच्या फोडी वाढत होत्या. पौर्णिमा चार दिवसांवर होती.

बाबा उठले. जवळजवळ चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला न विचारता केलेलं हे बहुतेक पहिलंच काम असावं. खोलीचं दार ओढलं, कुलूप लावलं, चाबी बंडीच्या खिशात टाकली आणि परत बाजेवर आडवे झाले.

त्यानंतरचे तीन दिवस आईच्या पायाला भिंगरी. बाहेर ऊन असं की गच्चीवर पाय ठेववत नव्हता, तरी ही खाली-वर, खाली-वर. शेजारच्या गोमतीबाई सरगुंडे करायला आल्या, काडीवर कणकेचे वेढे घालता घालता आईचं लक्ष दाराकडेच. त्या दारासमोरची जागा तिनं दिवसात चारदा झाडली.

"आत मुंग्या लागल्या असतीन," ती म्हणे.

"लागू दे," बाबा म्हणत.

"उंदीर असतीन."

"खाऊ दे बिचाऱ्याईले. थे तरी ताजं खातीन."

"आई, तू बस ना जराशी," मी म्हणाले.

"बसून काय होते?" तिनं खरंच विचारलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दाराच्या फटीतून वास यायला लागला. आधी गव्हांड्याचा, मग त्यातून गोडसर, शेपेचा. आई झाडणी हातात घेऊन तिथंच थांबली. मग झाडणी ठेवून मागच्या अंगणात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला बसली.

पौर्णिमेला वंदना झाली, खीर झाली आणि बाबांनी कुलूप उघडलं. आंबे पिवळेधमक, हातात धरताच दबणारे. मी रस काढला. सरगुंडे उकडले, वरून तूप, बाजूला कांद्याची फोड. तीन ताटं वाढली. आई उभी.

"बस, आई."

"एवढा रस उरीन. साठं घालून येतो, ऊन हाये तोवर." आणि मी काही म्हणायच्या आत तिनं पातेल्यातला निम्मा रस परातीत ओतला, तूप लावलेलं ताट बगलेत घेतलं आणि जिना चढून गेली.

मी ताट सरकवून दिलं. रडूच यायला लागलं. बाबा म्हणाले, "जेव, रूपा. थे नाही बदलाची." पण त्यांचाही घास हातातच होता.

बराच वेळ झाला, ती उतरेना. साठं घालायला इतका वेळ लागत नाही. ऊन लागून पडली की काय, म्हणून मी धावत वर गेले.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत आई मांडी घालून बसली होती. तूप लावलेलं ताट बाजूला, कोरडं. परात मांडीवर. ती बोटांनी रस खात होती, भराभर, कोपरापर्यंत ओघळ आलेले. मला बघून थांबली. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"वाळेपर्यंत थांबवलं नाही मले," ती म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले. खाली फरशी पोळत होती. तिनं परात माझ्याकडे सरकवली. मी बोट बुडवलं, आणि तिनं परात थोडी परत आपल्याकडे ओढली.